वाटीभर मुगांची राखण

रात्रीची जेवणे आटोपली, ओटा पुसून झाला, की घरातली वडीलधारी बाई डब्यातून वाटीभर मूग काढी, ताटात पसरून खडे निवडी आणि धुऊन भिजत टाकी. सकाळी ते उपसून फडक्यात बांधावयाचे आणि पुढल्या दिवशी त्यांची उसळ करावयाची, हा क्रम मराठी घरांत इतका अंगवळणी पडला होता की त्यात काही विशेष आहे असे कोणाच्या मनातही येत नसे. बिऱ्हाड बेळगावात असो, इंदुरात असो की बडोद्यात असो, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ही ओली पुरचुंडी असावयाचीच. हल्ली मोड आलेली मटकी भाजीवाल्याकडे तयार मिळते. शहरांत तर ती पिशवीत बंद होऊन दारापर्यंत येते. त्यामुळे श्रम वाचतात, आणि दिवसभर कामावर जाणाऱ्या स्त्रीने ती आणली तर तिला बोल लावण्याचे काही कारण नाही. परंतु ज्या घरात लहान मुले आहेत, त्या घराने महिन्यातून एक-दोनदा तरी ही पुरचुंडी पुन्हा बांधावी, आणि ती मुलांच्याच हातून बांधवून घ्यावी. त्यात उसळीखेरीज आणखीही पुष्कळ काही पदरात पडते.

आजच्या मुलाला अन्न दिसते ते तयार वस्तू म्हणून. दूध पिशवीतून येते, पीठ पुड्यातून येते, भाजी टोपलीतून येते. त्यामागचे शेत, ऊन-पाऊस आणि शेतकऱ्याने पाहिलेली वाट ही त्याच्या नजरेआड राहतात. ज्यांचे आजोळ खेड्यात आहे त्यांना सुटीत थोडे तरी दिसते. सदनिकेत वाढणाऱ्या कित्येक मुलांच्या वाट्याला तेही येत नाही. अशा घराला अंगण नसले, खिडकीत कुंडी ठेवण्यापुरती जागा नसली, तरी एक पीक घेता येते, आणि ते म्हणजे मोडांचे. त्याला माती लागत नाही, खत लागत नाही. कोथिंबीर पेरली तर ती खुडण्याजोगी होईपर्यंत महिना जातो, आणि सहा वर्षांच्या मुलाचा उत्साह तोवर टिकत नाही. मूग मात्र आज रात्री भिजवला तर परवा ताटात येतो. मुलाच्या धीराचे माप आणि मुगाच्या वाढीचे माप यांचा असा चांगला मेळ बसतो.

आरंभ मुगापासूनच करावा. तो लवकर मोडतो, वासाने उग्र नाही आणि पचावयास हलका. पहिले काम निवडण्याचे. ताटात मूग पसरून खडे, फुटके आणि किडके दाणे वेगळे काढावयास मुलाला सांगावे. फुटक्या दाण्याला मोड येत नाही. तो ओलाव्यात कुजतो आणि शेजारच्या चांगल्या दाण्यांनाही बिघडवतो. हे एकदा समजले की निवडण्याचे काम मुलाला कंटाळवाणे वाटत नाही. नंतर दोन-तीन पाण्यांनी मूग धुऊन, बुडून वर बोटभर पाणी राहील अशा बेताने मोठ्या भांड्यात आठ-दहा तास भिजू द्यावेत. भांडे मोठे का, याचे उत्तर सकाळी आपोआप मिळते. काल तळाशी बसलेले मूग फुगून वर आलेले असतात. घरात तराजू असेल तर कोरडे मूग रात्री आणि भिजलेले मूग सकाळी तोलावयास लावावे. वजन जवळपास दुप्पट भरते, आणि हे वाढलेले वजन निव्वळ पाण्याचे आहे हा हिशेब मुलाने स्वतः मांडलेला असल्यामुळे तो त्याला विसरत नाही.

भिजलेले मूग उपसून, पुन्हा धुऊन, स्वच्छ सुती फडक्यात सैलसर बांधावेत आणि ती पुरचुंडी चाळणीत ठेवून वर झाकण द्यावे. खाली एक भांडे असावे, म्हणजे निथळणारे पाणी त्यात पडेल. फडके आधी उकळत्या पाण्यातून काढून उन्हात वाळवलेले असावे, आणि मुगाला हात लावण्यापूर्वी साबणाने हात धुण्याचा नियम लहानथोरांना सारखाच असावा. यापुढची राखण मुलाची. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा पुरचुंडी सोडून, पिण्याच्या पाण्याने मूग हलकेच धुऊन, पूर्ण निथळून पुन्हा बांधावयाचे. पाणी कमी पडले तर दाणा सुकतो, साचून राहिले तर तो कुजतो. ओल हवी पण डबके नको, एवढे एक सूत्र ध्यानात ठेवले की पुरे.

ऋतुमानाप्रमाणे या सूत्रात थोडाफार फरक पडतो. वैशाखातल्या हैदराबादेत एका दिवसात जे काम होते, त्याला माघातल्या ग्वाल्हेरीत दोन-तीन दिवस लागतात. तेथे ही चाळणी उबेच्या जागी, फडक्याने लपेटून ठेवावी लागते. गोव्यात आणि कोकणात पावसाळ्यात ऊब आणि दमट हवा दोन्ही आयती असतात, पण वासही लवकर येतो. म्हणून तेथे मूग थोडे घ्यावेत आणि एखादे पाणी जास्त द्यावे. मुगावर हात बसला की मटकी घ्यावी, मग मसूर, मग हरभरा. मटकी मुगासारखीच चपळ. हरभऱ्याला मात्र दिवसभर अधिक थांबावे लागते. वाल अखेरीस घ्यावेत. ते मोडावयाचे आणि वर गरम पाण्यात टाकून सोलावयाचे, असे दुहेरी काम त्यात आहे. परंतु चिमटीत धरून दाबताच सालातून टुणकन उडणारी डाळिंबी हा मुलांना अतिशय आवडणारा खेळ आहे, आणि बिरड्याचे वाल सोलावयास बसलेली तीन पिढ्यांची पंगत पाहिली म्हणजे त्या कामाला काम म्हणणेही जड जाते.

मोड फुटल्यावर मुले प्रश्न विचारू लागतात, आणि येथून पुढे या उद्योगाला खरा रंग चढतो. शंभर दाणे मोजून एका बशीत वेगळे भिजवले, तर त्यांतले किती मोडले हे मोजता येते. बहुधा काही दाणे तसेच टणक, जणू काही पाणी त्यांच्यापर्यंत पोहोचलेच नाही असे, राहिलेले दिसतात. त्यांनाच गणंग म्हणतात. मठ्ठ माणसाला हे नाव देण्याची आपली पद्धत आहे, पण गणंगावर ती अन्याय करणारी आहे. त्याचे साल पाणी आत घेत नाही इतकेच. आतला जीव बहुधा शाबूत असतो. रानात या अडेलपणाचा उपयोग असतो. पहिल्या पावसाला भुलून सगळेच दाणे एकदम उगवले आणि मग पावसाने ओढ दिली, तर सगळे वंशच बुडेल; मागे राहिलेला गणंग पुढच्या पावसाची वाट पाहतो. ज्या मुलाला वर्गात समजावयास थोडा उशीर लागतो, त्याला ही गोष्ट जरूर सांगावी.

दुसरा प्रश्न हमखास येतो तो डाळीचा. 'मुगाला मोड येतो, मग मुगाच्या डाळीला का येत नाही?' याचे उत्तर शब्दांनी देऊ नये. एका वाटीत डाळ भिजवून द्यावी. दोन दिवसांनी डाळ आंबलेली दिसेल, मोडलेली दिसणार नाही. मग एक भिजलेला हरभरा सोलून, त्याच्या दोन पाकळ्या नखाने उघडून, त्यांच्या सांध्याशी चिकटलेला इवलासा कोंब दाखवावा. दोन्ही पाकळ्या ही त्या कोंबाची शिदोरी. डाळ भरडताना सांधा तुटतो आणि कोंब निघून जातो. शिदोरी उरते, पण ती खाऊन वाढणारा उरत नाही.

या लहानशा भेदाला एकदा फार मोठा अर्थ आला होता. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातील कूत-अल-अमारा येथे ब्रिटिश हिंदी फौजेची सहावी म्हणजे पुणे डिव्हिजन डिसेंबर 1915 पासून तुर्की वेढ्यात अडकली आणि 29 एप्रिल 1916 रोजी तिला शस्त्रे खाली ठेवावी लागली. तीत मराठा पलटणीही होत्या. ज्या मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आज बेळगावात आहे, तिचे हे पूर्वज. ताजी भाजी नाही, फळे नाहीत, आणि घोड्याचे मांस खाण्यास बहुतेक हिंदी शिपायांचे मन धजेना. त्यांच्यात स्कर्व्हीचा रोग पसरला. हिरड्या सुजतात, त्यांतून रक्त वाहते, जुन्या जखमा पुन्हा उकलतात, असा हा रोग 'क' जीवनसत्त्वाच्या अभावी होतो. शिपायाच्या शिध्यातले पीठ आणि डाळ पोट भरीत, परंतु त्यांत हे जीवनसत्त्व नव्हते. पुढे लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक आणि एलन डेल्फ या दोन विदुषींनी कोरड्या आणि मोड आलेल्या दाण्यांची तुलना केली आणि 1919 साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. कोरड्या दाण्यात स्कर्व्हीला आवरणारा गुण जवळजवळ नसतो, आणि तोच दाणा भिजवून त्याला मोड आणला की तो गुण उत्पन्न होतो. अख्खे कडधान्य, थोडे पाणी आणि दोन दिवसांची सवड एवढ्या भांडवलावर जे औषध तयार होते, ते आपल्या आज्या-पणज्या त्याचे नावही ठाऊक नसताना दर आठवड्याला ताटात वाढीत होत्या.

मोडांचे गुण सांगताना मात्र अतिशयोक्ती करू नये. मोड आल्याने दाण्यातली प्रथिने वाढत नाहीत. पाणी शिरल्यामुळे तोळ्यामागे ती कमीच भरतात. वाढते ते 'क' जीवनसत्त्व. शिवाय दाण्यातले लोह बांधून ठेवणारे फायटिक आम्ल घटते, त्यामुळे लोह शरीराला अधिक मिळते. आणि पोटात वारा धरणाऱ्या काही शर्करा कोंब स्वतःच खाऊन टाकतो. म्हणून ज्यांना हरभरा बाधतो त्यांना मोडाचा हरभरा सोसवतो. नाचणीला मोड आणून, ती वाळवून, दळून बाळासाठी सत्त्व करण्याची रीतही अशीच शहाणपणाची आहे. मोडामुळे नाचणीतला पिठूळ भाग विरघळू लागतो, पेज सरसरीत होते आणि बाळाच्या घासाघासात अधिक सत्त्व जाते.

मोठ्या मुलांना आणखी एक गंमत करून पाहता येते. काचेच्या पेल्याच्या आत टीपकागद गुंडाळून बसवावा, काच आणि कागद यांच्यामध्ये तीन-चार भिजलेले हरभरे अडकवावेत आणि तळाशी थोडे पाणी ठेवावे. दाणा उभा, आडवा, उलटा कसाही बसलेला असो, मूळ खालीच जाते. मूळ चांगले लांब झाल्यावर पाणी ओतून टाकून पेला आडवा ठेवला, तर ते वळण घेऊन पुन्हा खालची वाट धरते. तेवढा वेळ कागद मात्र शिंपडून ओला ठेवावा. खाली कोणते हे त्याला कोण सांगते? चार्ल्स डार्विन यांनी वृद्धपणी, आपले चिरंजीव फ्रान्सिस यांच्या साहाय्याने, राहत्या घरीच अशा रोपांवर प्रयोग केले आणि 1880 साली त्यांवर ग्रंथ लिहिला. मुळाचे अगदी टोक कापून टाकले तर त्याला खाली-वर कळेनासे होते, हे त्या पितापुत्रांनी दाखवून दिले. पेला आणि हरभरा हेच मुख्य साहित्य असल्यावर ही प्रयोगशाळा कोणत्याही घरी उभी राहू शकते.

दोन बशांत मोड आलेले मूग ठेवून, एक बशी खिडकीशी आणि दुसरी भांड्याखाली झाकून, चार-पाच दिवस वाढू द्यावी. उजेडातली रोपे बुटकी आणि हिरवी होतात, अंधारातली लांबच लांब आणि पिवळी. मग नवरात्रातल्या घटाची आठवण मुलांना करून द्यावी. देवघराच्या अंधुक उजेडात वाढलेले ते धान पिवळे आणि उंच का असते, जे दसऱ्याला आजोबा टोपीत आणि आजी केसांत खोवते, त्याचे कारण या बशीत सापडते. प्रकाश शोधण्यासाठी रोपाने आपली सारी शिदोरी उंचीवर खर्च केलेली असते.

परंतु हे सारे नेहमी सरळ होत नाही. एखादी आठ वर्षांची मुलगी शनिवारी रात्री मूग भिजवते, रविवारी सकाळी बांधते आणि संध्याकाळी मैत्रिणीच्या वाढदिवसाला जाते. त्या गडबडीत संध्याकाळचे धुणे राहते. सोमवारी पुरचुंडी सोडते तो मूग बुळबुळीत झालेले आणि त्यांना आंबूस वास सुटलेला. शेजारच्या चाळणीत आजीचे मूग मात्र पांढऱ्याशुभ्र मोडांनी भरलेले असतात. अशा वेळी आजीला मोह होतो तो मुलगी झोपलेली असतानाच पुरचुंड्या बदलून ठेवण्याचा. तो मोह आवरावा. तसेच रागे भरण्याचा मोहही आवरावा.

'आजी, माझेच मूग असे का झाले?'

'काल संध्याकाळी त्यांना पाणी कोणी दाखवलं होतं, बाळ?'

एवढेच पुरते. मुलगी क्षणभर खाली पाहते. मग ती दोघी मिळून ते मूग कुंडीच्या मातीत पुरतात, फडके उकळतात आणि रात्री पुन्हा वाटीभर मूग भिजत पडतात. बिघडलेल्या गृहपाठावर शिक्षकांची खूण उमटते, हरवलेली पेन्सिल दुसरी मिळते. आपण विसरलो म्हणून एका जिवंत वस्तूचे नुकसान झाले, हा अनुभव लहान वयात फारसा येत नाही. तो यावा, आणि वाटीभर मुगाइतक्या स्वस्त किमतीत यावा, हे मुलाचे भाग्यच समजावे. बदललेल्या पुरचुंडीने तिचे डोळे पुसले असते, पण राखण म्हणजे काय हे तिला कळले नसते.

बिघडलेले मूग धुऊन, मसाला घालून खपवू मात्र नयेत. ज्या उबेत आणि ओलाव्यात मोड वाढतात, त्याच उबेत रोगजंतूही वाढतात, आणि ते नेहमी वासाने ओळखू येतात असे नाही. 2011 साली जर्मनीत मेथीच्या कच्च्या मोडांतून असे जंतू पोटात गेले. हजारो माणसे आजारी पडली आणि पन्नासाहून अधिक दगावली. जंतू दाण्याच्या सालाच्या फटीत लपलेले असू शकतात आणि केवळ धुण्याने ते पूर्णपणे जात नाहीत. म्हणून लहान मुले, गरोदर स्त्रिया, वृद्ध आणि आजारी माणसे यांना कच्चे मोड देऊ नयेत. फोडणीवर घालून, झाकण ठेवून, आतपर्यंत चांगली वाफ आणण्याची आपली उसळीची रीत या दृष्टीने फार योग्य आहे. वाफेने 'क' जीवनसत्त्व थोडे घटते. ताट वाढताना वर लिंबू पिळले की त्याची भरपाई होते. मोड आल्यावर लगेच उसळ करावयाची नसेल तर ते शीतकपाटात ठेवावेत आणि दोन दिवसांत संपवावेत.

मुलांना आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगून ठेवावी. प्रत्येक कोंब खाण्याचा नसतो. बटाट्याचा कोंब विषारी असतो. ज्वारीची कोवळी रोपे खाऊन गुरे दगावतात, हे शेतकऱ्याला चांगले ठाऊक आहे. राजम्याला मोड आले तरी तो भरपूर उकळून शिजवल्यावाचून खाऊ नये. आणि पेरणीसाठी विकत मिळणाऱ्या बियाण्याला बहुधा औषध लावलेले असते. ते खाण्यासाठी कधीही भिजवू नये. मोडांसाठी वाण्याकडचे खाण्याचे धान्यच घ्यावे.

महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या मराठी मुलांना या पुरचुंडीतून एक आगळा लाभ होतो. शेजारीपाजारी जाऊन 'तुमच्याकडे याला काय म्हणतात?' एवढे विचारून यावयास त्यांना सांगावे. बेळगावातली कानडी मावशी 'मोळके' म्हणेल, हैदराबादेतली तेलुगू शेजारीण 'मोलकलु' म्हणेल आणि या दोन शब्दांचे बहिणीचे नाते मुलाच्या कानाला लगेच कळेल. बडोद्यात 'फणगावेला मग' ऐकू येतील आणि मराठीतला फणगा आठवेल. इंदूर-ग्वाल्हेरकडे 'अंकुरित' म्हणतील. गोव्यात मुगागाठीचा घास मिळाला, तर मोड आलेले मूग सोलून, नारळाच्या वाटणात किती मऊ लागतात हेही समजेल. शब्द विचारावयास गेलेले मूल बहुधा रिकाम्या हाताने परतत नाही, आणि पुढच्या खेपेस त्याच्या हातून इकडची एक वाटी उसळ तिकडे जाते.

उसळ नको म्हणून ताट सरकवणारी मुले घरोघरी असतात. त्यांना उपदेशाने उसळ आवडत नाही. पण ज्याने दाणे निवडले, दोन सकाळी आणि दोन संध्याकाळी न विसरता पाणी दाखवले, ते मूल ताटावर बसताना निराळे असते. ते प्रथम वडिलांच्या ताटात उसळ वाढते, मग आजीच्या, आणि त्यांच्या तोंडाकडे पाहत राहते. 'कशी झाली आहे?' असे ते विचारते, तेव्हा त्याने स्वतः अजून चमचाही उचललेला नसतो. शेतकरी खळ्यावर धान्याची रास पाहून जे मनात म्हणत असेल, त्याचाच एक लहानसा अंश त्या प्रश्नात असतो. आणि त्या रात्री ओटा पुसून झाल्यावर, कोणी न सांगता, डब्याचे झाकण उघडल्याचा आवाज येतो.